तारेपर्यंत

पंपघरात चाकाशेजारी एक लोखंडी सळई उभी होती आणि त्या सळईवर तांब्याची तार गुंडाळलेली होती. चाक फिरवलं की व्हॉल्व्हची दांडी वर सरकायची. दांडीचं टोक तारेला आलं की हात थांबवायचा. वरच्या कॉलनीने दिवसाला किती सांडपाणी खाली सोडायचं, याचा सगळा कायदा त्या तारेत होता. पाणी खात्याच्या साहेबांनी कॉलनीतली घरं मोजली, माणसं मोजली, माणशी पाणी धरलं, खालची तळी रोज किती पाणी पचवतात ते पाहिलं आणि शेवटी स्वतःच्या हाताने पकडीने ती तार पिळून बसवली. आधी रंगाची खूण करून पाहिली होती, पण तिथल्या दमट हवेत रंग टिकेना.

पंपघरावर माणसं दोन. सकाळी मामा, दुपारनंतर भाचा. मामा खरा तर या एकट्याचाच मामा, पण म्हाताऱ्याला सगळं गाव मामा म्हणायचं आणि त्यापायी पन्नाशीतला, टक्कल पडलेला, नुकताच आजोबा झालेला हा माणूस गावाचा भाचाच राहिला होता. आईबाप लहानपणीच गेल्यावर मामाने त्याला वाढवलं आणि पुढे या चाकालाही मामानेच लावलं. मामाची बायको लवकर गेली. मूलबाळ नव्हतं. आता तो भाच्याच्याच घरी पुढच्या खोलीत राहायचा आणि भाच्याच्या बायकोला सून म्हणून तिच्या हातचं नावं न ठेवता जेवायचा.

नावं तो दुसऱ्याच गोष्टींना ठेवायचा. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढून जाड भिंगाचा चष्मा मिळाल्यापासून त्याला इतकं स्वच्छ दिसायला लागलं होतं की घरात सगळ्यांना त्याचा ताप झाला होता. "सूनबाई, फळीच्या कोपऱ्यात जळमट आहे बघ." "सूनबाई, या तांदळात खडा आहे." मग सूनबाई तांदळाचं सूपच त्याच्या पुढ्यात सरकवायची आणि म्हणायची, "तुम्हीच निवडा. माझे डोळे म्हातारे झाले." म्हातारा हसत हसत निवडत बसायचा.

त्या वर्षी हंगाम संपला तरी पाऊस हलायला तयार नव्हता. जमीन फुगली होती. भिंती खालून वरपर्यंत ओल्या झाल्या होत्या. कॉलनीच्या नळांच्या जोडांतून पावसाचं पाणी आत शिरायचं आणि सांडपाण्याबरोबर खाली यायला बघायचं. तळी काठोकाठ भरलेली. तळ्यांच्या बांधाखाली मळेवालीचा मळा होता. नवरा गेल्यापासून ती एकटीच कोबी आणि पालक काढायची. तिची विहीरही तिथेच. बाई आवाजाला मोठी, पण आठवड्यातून एकदा पंपघराच्या पायरीवर एक कोबी ठेवून जायची. "मामा, तुमच्या जिवावर पिकतंय," म्हणायची.

तिकडे वर कॉलनीची वेगळीच तऱ्हा. परवानगी मिळाली तेवढी घरं झाल्यावर बिल्डरने मागच्या उतारावर आणखी एक गल्ली उठवली. घरं विकून झाली, माणसं राहायला आली, मग कुणाला तरी आठवलं की या गल्लीचं पाणी हिशेबात धरलेलंच नाही. साहेब आले, भांडण झालं, आणि ठरलं असं की नवं तळं खणून होईपर्यंत जास्तीचं पाणी कॉलनीने आपल्या टाकीत साठवायचं आणि टँकरने न्यायचं. तार जिथे आहे तिथेच राहील.

"लोकांनी काय आंघोळी सोडायच्या का?" कॉलनीचा सेक्रेटरी म्हणाला होता.

"आंघोळी करा की," मामा म्हणाला होता. "पाणी तेवढं घरी ठेवा."

सगळे हसले होते. भाचा हसला नव्हता, कारण उतारावरच्या त्या गल्लीत सगळ्यात शेवटचं, सगळ्यात खालचं घर त्याच्या जावयाचं होतं.

चिखलात टँकर वर चढेना झाला आणि टाकी भरली. पोरीचा फोन आला तेव्हा भाचा पंपघरात होता.

"बाबा, जरा येऊन जाता का?"

ती रडत नव्हती, पण आवाज अगदी हळू होता, कुणीतरी शेजारी बसलंय असा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. दारातच वास आला. न्हाणीघराच्या जाळीतून काळं पाणी वर येऊन उंबऱ्याला लागलं होतं. पोरीने उंबऱ्यावर गोणपाटं रचली होती आणि बादलीने पाणी उपसून मागे फेकत होती. बाळंतपणाला अजून दोन महिने झाले नव्हते. साडी पोटरीपर्यंत वर खोचलेली, पायांना फोड आलेले. आतल्या खोलीत बाळ एकसारखं खोकत होतं.

भाच्याने बादली तिच्या हातातून घेतली.

विहीणबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी त्याला या बसा म्हटलं, पण बसायला जागा दाखवली नाही. "आम्ही तर सगळीकडे सांगतो," त्या म्हणाल्या, "की सुनेचे वडील पाण्याच्या खात्यात आहेत. चावीच त्यांच्या हातात असते म्हणून. आता शेजारी विचारतात, मग तुमच्याच घरात हे कसं? काय सांगायचं त्यांना?"

"बाळाला घेऊन ही थोडे दिवस आमच्याकडे—"

"म्हणजे घाणीला घाबरून माहेरी पळाली, हे तेवढं ऐकायचं राहिलंय."

जावई भिंतीकडे तोंड करून मोबाईल बघत होता. भाचा गुपचूप पाणी उपसत राहिला. उपसलेलं पाणी उतारावरून परत तिथेच येत होतं, हे त्याला दिसत होतं. निघताना पोरगी दारापर्यंत आली. तिने काही मागितलं नाही. "तुमची चप्पल धुऊन ठेवलीय," एवढंच म्हणाली. ती चप्पल पायात घालताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी जेवताना त्याने मामापुढे विषय काढला. थेट नाही. आधी पावसाचं काढलं, मग टँकरचं, मग बाळाच्या खोकल्याचं.

मामाने घास ताटातच ठेवला. "दांडी वर घ्यायची म्हणतोस?"

"दोन बोटं. टँकर येईपर्यंत. कुणाला कळायचंही नाही."

"तळ्याला कळेल ना."

"मामा, पोरगी आहे आपली."

"आणि मळेवाली काय आभाळातून पडली?" मामाने चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "आज आपल्या पोरीसाठी दोन बोटं घ्यायची. उद्या सेक्रेटरी येईल, म्हणेल मेहुणीसाठी चार द्या. मग तार कशाला हवी? काढून टाका, सोडा सगळं खाली. तिला आणि लेकराला इकडे घेऊन ये. माझी खोली देतो. मी पंपघरात झोपेन."

"पाठवत नाहीत ते."

"मग मी जाऊन सांगतो त्या बाईला."

"नको," भाचा घाईने म्हणाला. म्हातारा गेला असता आणि चार शब्द जास्तच बोलून आला असता. बायकोने दोघांकडे बघितलं आणि मामाच्या ताटात भात वाढला.

मामा ऐकायचा नाही हे भाच्याला आधीच ठाऊक होतं. आपल्या पाळीत त्याने दांडी वर घेतली असती तरी सकाळी येऊन मामाने ती तारेपर्यंत खाली आणलीच असती. आणि सांडपाणी येतं ते सकाळीच. आंघोळी, धुणी, भांडी, सगळं मामाच्या पाळीत. तेव्हा दांडीला हात लावून भागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवताना, अजून उजेड होता तेव्हाच, त्याने खुंटीवरची पकड घेतली. तारेचा पीळ सोडवला. तार दोन बोटं वर सरकवली आणि पुन्हा पिळून घट्ट बसवली. जुन्या जागी सळई चकचकीत दिसत होती. तिथे त्याने अंगठ्याने ग्रीस चोपडलं. हे सगळं करायला तंबाखू मळण्याएवढासुद्धा वेळ लागला नाही. मग तो स्टुलावर बसून राहिला आणि त्याने स्वतःला सांगितलं की टँकर आला की तार परत खाली घ्यायची. ग्रीसचा अंगठा तो विजारीला पुसत होता आणि तो काही स्वच्छ होत नव्हता.

सकाळी मामाने नेहमीसारखं डोळ्यांत तेल घालून दांडी तारेपर्यंत आणली.

पोरीचा फोन आला. पाणी उतरलं होतं. न्हाणीघर तिने दोनदा धुतलं होतं. विहीणबाईंनी फोन मागून घेतला आणि पहिल्यांदाच त्याला "दादा" म्हटलं. "तुमच्या शब्दाला वजन आहे हो," म्हणाल्या. भाच्याला त्या शब्दांनी बरं वाटलं. टँकर दोन दिवसांनी आला, तेव्हा तार खाली घ्यायची असं ठरलेलं होतं. पण बाळाचा खोकला अजून पुरता गेला नव्हता. आणखी एक दिवस राहू दे, असं म्हणत त्याने तार तशीच ठेवली.

त्या रात्री पावसाने कहर केला. सकाळी भाचा अंगणात दाढी करत होता. मळ्याकडून ओरडा ऐकू आला. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो पळत सुटला.

तळं बांधावरून वाहत होतं. एका बाजूने बांध खचला होता आणि तिथून काळं, फेसाळ पाणी मळ्यात उतरत होतं. कोबीच्या ओळी एकामागून एक बुडत होत्या. विहिरीच्या कठड्यापर्यंत फेस पोचला होता. मामा गुडघाभर चिखलात उभा राहून खोऱ्याने माती ओढत होता, वाकताना कण्हत होता. मळेवाली आणि तिचा दीर पोती टाकत होते.

"चाक!" मामा ओरडला. "चाक बंद कर आधी! बंद कर!"

भाचा पंपघरात शिरला. त्याचा हात आधी चाकाकडे जायला हवा होता. तो तारेकडे गेला. पकड सापडेना, तेव्हा बोटांनीच त्याने पीळ सैल केला, तार खाली ओढली, जुन्या जागी आणून दाबली. नख उलटलं. मामाचं काय होईल हे तेव्हा आपल्या मनातही आलं नाही, असं तो पुढे स्वतःला सांगायचा. आलं होतं की नव्हतं ते त्याचं त्यालाच माहीत. त्याला फक्त आपला हात तिथून पुसून टाकायचा होता.

मागे दारात मळेवाली उभी होती. पदर कमरेला खोचलेला, अंगभर चिखल.

"अगं बाई," ती म्हणाली. "दांडी केवढी वर आहे ही! तारेच्या वर आहे की!"

भाच्याने दोन्ही हातांनी चाक धरलं आणि गरागरा फिरवून बंद केलं.

दुपारी साहेब आले. सेक्रेटरी आला. पंपघराच्या दाराशी गर्दी झाली. मळेवालीने जे पाहिलं ते सांगितलं. साहेबांनी मामाला पुढे बोलावलं.

"तारेपर्यंतच घेतली होती, साहेब."

"मग वर कशी गेली? आपोआप?"

"तारेपर्यंतच घेतली होती," मामा पुन्हा म्हणाला. त्याने सळईजवळ वाकून पाहिलं. तार जिथे असायची तिथेच होती. त्याने तिला बोट लावलं. त्याच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरत गेला. "मला तर... दांडी तारेलाच दिसली होती."

साहेब तसे वाईट नव्हते, पण भिजले होते आणि वैतागले होते. त्यांनी दाराशी उभं राहून हात वर केला. "आजोबा, ही बोटं किती?"

बाहेरचा उजेड साहेबांच्या पाठीमागे होता. मामाच्या चष्म्यावर सकाळचे चिखलाचे शिंतोडे तसेच वाळलेले होते. कुणाला ते पुसावेत असं वाटलं नाही. भाच्याला ते दिसत होते. एक पाऊल पुढे होऊन, मामा चष्मा द्या जरा, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"तीन," मामा म्हणाला.

दोन होती. सेक्रेटरी मागे हसला. मळेवाली हसली नाही. "दिसत नव्हतं तर सांगायचं ना मामा," ती म्हणाली आणि तिचा मोठा आवाज मध्येच फाटला. "माझी विहीर गेली हो."

मामाने कमरेची किल्ली काढली. गाठ सुटायला वेळ लागला. किल्ली त्याने साहेबांच्या हातात ठेवली आणि दोन्ही हात जोडले. आधी साहेबांना, मग मळेवालीला. सत्तरीचा माणूस तिच्यापुढे वाकून उभा राहिला, तेव्हा गर्दीतल्या दोघाचौघांनी माना दुसरीकडे वळवल्या. साहेबांनी किल्ली भाच्याला दिली. "तू वेळेवर पोचलास म्हणून निम्मा मळा वाचला. आता दोन्ही पाळ्या तूच बघ." भाच्याने किल्ली घेतली. त्याच्या अर्ध्या गालावरचा साबण वाळून ताणला गेला होता.

घरी आल्यावर मामाने चष्मा काढून फळीवर ठेवला.

"लावा ना," सून म्हणाली.

"कशाला? लावून तरी काय दिसतं."

पहिले दोन दिवस तो नुसता पडून राहिला. मग उठायला लागला तो भिंत धरून. उंबरा आला की पायाने चाचपायचा. चहाचा कप पुढ्यात असला तरी हात आधी जमिनीवर फिरवायचा, मग कपाला लावायचा. सुनेने तांदळाचं सूप पुढ्यात ठेवलं, तर त्याने ते बाजूला सारलं. "नको. खडा राहिला तर कुणाच्या तरी दाताखाली येईल." शर्टाचं बटण तुटलं होतं. सुई-दोरा स्वतः ओवणारा माणूस तो, तसाच उघड्या छातीने बसून राहिला.

भाचा हे बघत होता. सकाळी निघताना बघत होता, जेवायला आला की बघत होता, संध्याकाळी परतल्यावर बघत होता. चांगले डोळे असलेला माणूस त्याच्या डोळ्यांदेखत आंधळा होत चालला होता. दोन्ही पाळ्यांत तो दांडी तारेपर्यंत आणायचा आणि हात थांबला की तारेकडे बघायचं टाळायचा. येताजाता लोक त्याला थांबवून म्हणायचे, "मामाला सांभाळतोस, बरं करतोस." तो मान हलवायचा. मळ्यावरून जाणारी पायवाट जवळची होती. ती सोडून तो वळसा घालून घरी यायला लागला.

"त्यांना दिसतं," एकदा बायको भाकरी थापता थापता म्हणाली.

"काय?"

"मामांना. काल दारात मांजर आलं, तर त्यांनी हातातली भाकरी पटकन वर घेतली. मांजर पायापाशीसुद्धा पोचलं नव्हतं." तिने भाकरी तव्यावर टाकली. "मग बसले परत भिंत चाचपत. माझं डोकंच चालेना."

भाच्याने पाणी मागितलं.

रविवारी पोरगी आली. सासूने गोडाचा डबा देऊन पाठवलं होतं. बाळाचा खोकला गेला होता, गाल भरले होते. ती पुढच्या खोलीत शिरली आणि वाकून मामाच्या पाया पडली.

"बघा, कोण आलंय. घ्या याला. आजवर घेतलंच नाही तुम्ही."

मामाने दोन्ही हात पुढे केले. बाळाच्या अंगाला बोटं लागली आणि त्याने ते चटका बसल्यासारखे मागे घेतले. "नको गं. माझ्या हातून पडेल. मला अंदाज येत नाही आता."

"काही पडत नाही. मी धरलंय."

"नको म्हणतो ना," मामा म्हणाला. मग आवाज खाली आणून, हसल्यासारखं करत, "माझ्यामुळे एकीचा मळा गेला. लेकराचं कशाला वाटोळं करू? तू घे, मी वास घेतो. तेल लावलंयस ना डोक्याला? छान वास येतोय."

तो बाळाच्या डोक्याशी नाक नेऊन डोळे मिटून बसला. बाळाने त्याचं नाक धरलं. मामाने हलून पाहिलं नाही की हात वर केला नाही.

भाचा मधल्या दारात उभा होता. तो दाराच्या चौकटीला धरून खालीच बसला.

"मामा, तार मी हलवली होती."

कुणालाच नीट ऐकू गेलं नाही. बायको चुलीशी होती. ती मागे वळली. "काय म्हणालात?"

"तार. मी वर घेतली होती, दोन बोटं. मामा तारेपर्यंतच फिरवत होते. रोज बरोबर तारेपर्यंत. बांध फुटला त्या दिवशी मी आधी जाऊन तार खाली ओढली. मग चाक बंद केलं." बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना. "तुमच्या चष्म्यावर चिखल होता. साहेबांनी बोटं दाखवली तेव्हा. मला दिसत होता चिखल. मी सांगितलं नाही."

बायकोच्या हातातलं पीठ परातीत पडलं. पोरीने बाळ छातीशी घट्ट धरलं. "माझ्यासाठी केलंत?" ती म्हणाली आणि तिची मान खाली गेली. तिला असं मान घालून उभं केलं तेही आपणच, हे भाच्याला कळलं.

मामाची बोटं चटईच्या काडीवर फिरत होती. भाचा वाट बघत होता. शिवी येईल, चप्पल येईल, लहानपणी यायची तशी. यायलाच हवी होती. त्याने आपला गाल पुढे केला होता म्हटलं तरी चालेल.

"म्हणजे," मामा शेवटी म्हणाला, "मला दिसतं?"

भाच्याने मान वर केली.

"अरे सांग ना. मला दिसत होतं? तार होती तिथेच मी थांबत होतो?"

"हो मामा."

"बरोबर तारेवर?"

"बरोबर तारेवर."

म्हाताऱ्याच्या सगळ्या तोंडावर हसू पसरलं. इतकं मोठं, इतकं उघडं हसू भाच्याने त्याच्या तोंडावर कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्या हसण्याने भाच्याला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मामा उठला. भिंत न धरता सरळ फळीपाशी गेला, चष्मा घेतला, शर्टाच्या टोकाने दोन्ही भिंगं पुसली, पुन्हा पुसली आणि डोळ्यांवर चढवला. फळीच्या कोपऱ्याकडे बघितलं.

"सूनबाई, जळमट आहे."

बायको तोंडावर पदर धरून रडायला लागली. मामाने पोरीपुढे हात केले. तिने बाळ दिलं. त्याने ते नीट, मानेखाली तळवा घालून घेतलं, खिडकीच्या उजेडाकडे नेलं आणि बराच वेळ बघत राहिला. "कान आपल्याकडचे आहेत," म्हणाला.

मग त्याने बाळ परत दिलं आणि भाच्याकडे वळला. तोपर्यंत हसू गेलं होतं. चष्म्याच्या जाड भिंगांतून त्याचे डोळे मोठे दिसत होते. भाच्याला त्यांच्याकडे बघवेना.

"चल," मामा म्हणाला.

"कुठे?"

"कुठे काय विचारतोस?"

दोघं निघाले. पाऊस थांबला होता, पण वाट निसरडी होती. भाचा वळशाच्या वाटेला लागला, तसा मामाने हाताने मळ्याची पायवाट दाखवली. मामा पुढे, भाचा मागे. उघड्या शर्टाने, भराभर, डबक्यांना बगल देत म्हातारा चालत होता. भाचा त्याच्या टाचांकडे बघत चालला होता आणि दोनदा डबक्यात पडता पडता वाचला. मामा एकदाच थांबून तारांच्या खांबाकडे बघून म्हणाला, "दोन पाखरं आहेत." आणि पुढे गेला.

मळेवाली वाफ्यांत बसून खुरप्याने वाळलेला गाळ खरवडत होती. गाळाखालून कोबीचे पिवळे, कुजलेले गड्डे निघत होते. ती ते उचलून बांधाच्या पलीकडे फेकत होती. विहिरीवर फळ्या टाकून दगड ठेवले होते. मामा येताना दिसला तशी ती गडबडीने उठली. बोलून गेल्याचं तिच्याही मनाला लागलं असावं.

"मामा, असे एकटे पुढे कशाला आलात? पडाल हो. थांबा, मी हात धरते."

"हात नको धरूस," मामा म्हणाला. "याला काहीतरी सांगायचंय तुला."

तो बाजूला झाला आणि बांधावर जाऊन बसला. मधे आडोसा राहिला नाही. मळेवालीने चिखलाचे हात लुगड्याला पुसले आणि भाच्याकडे बघत उभी राहिली. "काय रे भाच्या?" तिने नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं. पलीकडच्या वावरात तिचा दीर काम करत होता. त्यानेही मान वर केली.

भाच्याने तोंड उघडलं. नजर आपोआप खाली गेली, गाळावर, कुजलेल्या कोबीवर, आपल्याच चपलेवर.

"खाली नको," बांधावरून मामाचा आवाज आला. "तिच्याकडे बघून सांग. मला इथून दिसतंय."